चौपन्नाव्या वर्षी वजने उचलावीत का?

पत्र : माझे वय ५४, वजन ६४ किलो. मुलुंडहून फोर्टला बँकेतल्या नोकरीसाठी रोज लोकलने ये-जा करते. सहा वर्षांपासून रक्तदाबाची एक गोळी चालू आहे आणि गेल्या तपासणीत तीन महिन्यांची सरासरी साखर ६.२ आली. गेल्या पावसाळ्यात माझी ७९ वर्षांची आई न्हाणीघरात पडली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रियेनंतर ती वॉकर घेऊन चालते. ते पाहून मुलीने माझे जिमचे वर्षाचे पैसे भरून टाकले. पहिल्याच दिवशी ट्रेनरने खांद्यावर वजन देऊन बैठका, लंज (एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवणे) असे सगळे तासभर करून घेतले. त्यानंतर तीन दिवस मला स्टेशनचा पूल उतरता येईना. घरचे म्हणतात, या वयात गुडघे घालवून बसशील. शेजारच्या काकू म्हणतात, व्यायाम सोडला की स्नायूंची चरबी होते. ट्रेनर म्हणतो, पावडर घेतल्याशिवाय फरक पडणार नाही. मी जावे, की पैसे गेले असे समजून गप्प बसावे? आणि आईला काही करता येईल का?
एक वाचक, मुलुंड

सप्रेम नमस्कार.

तुम्ही जिमला जरूर जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र त्या पहिल्या दिवशी जे करून घेतले गेले ते तिथेच सोडून द्यावे आणि अगदी हलक्या वजनापासून नव्याने सुरुवात करावी. तुमच्या शंका वरवर निरनिराळ्या दिसत असल्या, तरी बहुतेकींचे उत्तर एकाच गोष्टीपाशी येऊन थांबते : या व्यायामात इजा होते ती बहुधा वजन वाढवण्याच्या घाईमुळे. शरीराला पुरेसा वेळ दिला, तर साठी उलटलेल्या स्त्रियाही जड वजने नीट उचलू शकतात. वेळ दिला नाही, तर पंचविशीतला तरुणही पाठीत उसण भरून घरी बसतो.

तीन दिवस पूल का उतरता येईना, ते आधी सांगते. भार पेलत असताना स्नायू लांबत जातो, म्हणजे आपण सावकाश खाली बसतो किंवा जिना उतरतो, तेव्हा त्याच्या तंतूंवर सर्वाधिक ताण येतो. सवय नसलेल्या स्नायूला असा ताण तासभर दिला की त्याच्या तंतूंमध्ये सूक्ष्म मोडतोड होते, आणि दुखणे लगेच सुरू न होता पुढच्या २४ ते ७२ तासांत कळसाला पोहोचते. म्हणूनच तुम्हाला पूल चढण्यापेक्षा उतरणे अधिक जड गेले. तीन दिवसांत ते आपोआप ओसरले, त्याअर्थी काळजी करण्यासारखी इजा झालेली दिसत नाही. पण अशा अतिरेकी व्यायामानंतर लघवी काळ्या चहाच्या रंगाची झाली, तिचे प्रमाण घटले किंवा स्नायू सुजून कडक झाले, तर कोणीही घरी शेकत बसू नये, तडक रुग्णालय गाठावे. कारण तुटलेल्या स्नायूंमधला मायोग्लोबिन हा घटक रक्तात उतरून मूत्रपिंडांना गंभीर इजा करू शकतो. मे किंवा ऑक्टोबरमधल्या मुंबईत, घामावाटे अंगातले पाणी गेलेले असताना, हा धोका वाढतो. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी तासभर दमवण्याची जी पद्धत अनेक जिममध्ये रूढ झाली आहे, ती मला मनापासून चुकीची वाटते. अंग दुखले म्हणजे व्यायाम लागू पडला, ही समजूतही आपण सोडून द्यायला हवी, कारण ते दुखणे मुख्यतः सवय नसल्याचे लक्षण असते.

पहिल्या दीड-दोन महिन्यांत ताकद भराभर वाढल्यासारखी वाटते. तिच्यातला मोठा वाटा मज्जासंस्थेचा असतो : आहे त्याच स्नायूतले अधिक तंतू एका वेळी कामाला लावायला मेंदू शिकतो. स्नायूची प्रत्यक्ष वाढ मागाहून येते, आणि स्नायूला हाडाशी बांधणारे कंडरे त्याहूनही सावकाश, महिन्यांच्या हिशेबाने बळकट होतात. याचा अर्थ असा, की दुसऱ्या महिन्यात तुम्हाला वजन हलके वाटू लागेल, पण खांद्याचे आणि गुडघ्याचे कंडरे तोवर तयार झालेले नसतील. खांदा किंवा कोपर धरून येणारी बरीच मंडळी मला याच टप्प्यावर भेटतात.

जिममधल्या डंबेलच्या रांगेकडे एकदा नीट पाहा. अडीच, पाच, साडेसात, दहा अशी ती मांडलेली असतात. पाचावरून साडेसातवर जाणे ही केवळ अडीच किलोंची वाढ वाटते, परंतु तुमच्या खांद्याच्या दृष्टीने भार एकदम दीडपट होतो. रूढ शिफारस अशी आहे, की ठरवलेल्या आवर्तनांपेक्षा, म्हणजे तीच हालचाल सलग जितक्या वेळा करायची त्यापेक्षा, एक-दोन आवर्तने सहज जास्त होऊ लागली की वजन २ ते १० टक्क्यांनी वाढवावे. अडीच किलोंच्या टप्प्यांत हे जमणे शक्य नाही, म्हणून आधी आवर्तने वाढवावीत, आठाची दहा, दहाची बारा, बाराची पंधरा, आणि पंधरा आवर्तने दोन वेगवेगळ्या दिवशी नीट झाली की मगच पुढचे डंबेल घेऊन पुन्हा आठावर यावे. ट्रेनरला हे कंटाळवाणे वाटेल. वाटू द्या.

आता रक्तदाबाविषयी, कारण तुमच्या बाबतीत खरी सावधगिरी इथे हवी. श्वास कोंडून, कुंथून जड वजन ढकलले की छातीतला दाब वाढतो आणि रक्तदाब क्षणात उसळतो. १९८५ साली कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी पाच शरीरसौष्ठवपटूंच्या हाताच्या धमनीत नळी घालून व्यायाम चालू असतानाचा रक्तदाब मोजला होता. दोन्ही पायांनी अतिशय जड वजन ढकलताना तो सरासरी ३२०/२५० पर्यंत चढला. ती माणसे तरुण आणि सराईत होती, वजन त्यांच्या शक्तीच्या टोकाचे होते आणि वजन ठेवल्यावर दाब झपाट्याने उतरलाही. पण श्वास कोंडणे आणि शक्तीचे टोक गाठणे या दोन्ही गोष्टी तुम्ही का टाळायच्या, ते या आकड्यांवरून कळावे. वजन उचलताना किंवा ढकलताना तोंडाने श्वास सोडावा आणि ते परत आणताना नाकाने घ्यावा. लक्षात राहत नसेल, तर वजन उचलताना आवर्तनाचा आकडा मोठ्याने म्हणावा, कारण बोलत असताना श्वास कोंडून धरता येत नाही.

सुरुवात करण्यापूर्वी आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ रक्तदाब मोजून वहीत लिहा आणि ती वही तुमच्या डॉक्टरांना दाखवा. तो १६०/१०० च्या वर राहत असेल, तर आधी औषध जुळवून घ्यावे. १८०/११० च्या वर असेल, तर तो आटोक्यात येईपर्यंत वजनांना हात लावू नये. गोळी कोणत्या प्रकारची आहे, हेही विचारून घ्या. ती बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मंदावणारी असेल, तर श्रमांच्या प्रमाणात नाडी वाढत नाही आणि मनगटी घड्याळावरच्या ठोक्यांवर विसंबता येत नाही. लघवी वाढवणारी असेल, तर उकाड्यात पाणी किती प्यावे, ते ठरवून घ्यावे लागते. व्यायामात छातीवर दडपण आले, जबड्यात किंवा हातात कळ गेली, डोके एकाएकी ठणकू लागले किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तिथेच थांबून वैद्यकीय मदत घ्यावी. एवढे सांभाळले, तर नियंत्रणात असलेल्या रक्तदाबाला हा व्यायाम मानवतो; काही महिने नियमित केल्यावर विश्रांतीच्या वेळचा दाब थोडासा का होईना उतरतो, असे अनेक चाचण्यांत दिसले आहे.

आठवड्यातून दोन दिवस पुरे आहेत, समजा बुधवार आणि रविवार. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनीही प्रौढांसाठी सगळ्या मोठ्या स्नायूंचा व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस आणि त्याखेरीज १५० ते ३०० मिनिटांची मध्यम गतीची हालचाल सांगितली आहे. सीएसएमटीपासून कचेरीपर्यंत तुम्ही रोज भरभर चालत असाल, तर यातल्या दुसऱ्या भागाची बरीच तरतूद येता-जाताच होते.

बैठकांची सुरुवात खुर्चीपासून करा. न सरकणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. तिच्या पुढच्या कडेवर बसून पावले खांद्यांइतकी रुंद आणि गुडघ्यांपेक्षा किंचित मागे घ्या, छाती पुढे झुकवा, टाचांवर जोर देत आणि श्वास सोडत उभ्या राहा. खाली बसताना मनात तीनपर्यंत आकडे मोजा, धपकन बसू नका. गुडघे एकमेकांकडे वळत असतील किंवा शेवटच्या टप्प्यात तोल जात असेल, तर खुर्चीवर जाड उशी ठेवून उंची वाढवा. अशी दहा आवर्तने मध्ये दीड-दोन मिनिटांची विश्रांती घेऊन दोनदा सहज झाली, की अडीच किलोंचे एक डंबेल दोन्ही हातांनी छातीशी धरा. खांद्यावर बार घेण्याचा विषय निदान काही महिने तरी काढू नका. याच्या जोडीला भिंतीवर आणि पुढे स्वयंपाकाच्या ओट्यावर हात टेकून मारलेले जोर, केबल मशीनवर दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढणे, पाठ सरळ ठेवून खुब्यातून झुकत जमिनीवरचे वजन उचलणे, आणि दोन हातांत वजने धरून ताठ चालणे, एवढे पुष्कळ झाले. प्रत्येक वेळी दोन-तीन आवर्तने हातची राखून थांबावे. स्नायू थरथरेपर्यंत ओढत नेण्याची या वयात आणि या टप्प्यावर काहीच गरज नाही.

दीर्घकाळात यातून काय मिळते, हा तुमच्या पत्रात थेट न विचारलेला, पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. तिशीनंतर दर दशकात स्नायूंचे सुमारे ३ ते ८ टक्के वस्तुमान घटते आणि साठीनंतर ही घट वेग घेते. आपल्याकडे तर मुळातच भांडवल कमी असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधील प्रा. जॉन युडकिन या दोघांचे शेजारी शेजारी काढलेले छायाचित्र २००४ साली ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले होते. उंची-वजनाच्या गुणोत्तराचा आकडा दोघांचाही २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी होती आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाट्यावर सडपातळ ठरणाऱ्या भारतीय माणसालाही मधुमेह का गाठतो, हे त्या एका छायाचित्राने जगभरच्या डॉक्टरांपुढे मांडले.

तुमची ६.२ ही साखर मधुमेहापूर्वीच्या, म्हणजे ५.७ ते ६.४ च्या टप्प्यात येते. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा हिस्सा स्नायू उचलतात, आणि काम करणारा स्नायू तर इन्सुलिनची वाट न पाहताही साखर आत ओढून घेतो. म्हणून स्नायू वाढवणे आणि वापरणे हा साखरेवरचा उपचारच आहे. त्यामुळे जेवणातला संयम सोडून चालत नाही, पण त्या संयमाला बळ मिळते. पुढे कधी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी सुरू झाली, तर व्यायामानंतर साखर फार खाली जाऊ शकते; तेव्हा जिमच्या पिशवीत ग्लुकोज ठेवावे लागेल, एवढे आत्ताच नोंदवून ठेवा.

हाडांच्या बाबतीत तुम्ही अधिक जागरूक राहायला हवे, कारण आईचे किंवा वडिलांचे खुब्याचे हाड मोडले असेल, तर मुलांमध्येही अस्थिभंगाचा धोका वाढलेला धरतात. तुमची पाळी थांबलेली असेल, तर हाडांची घनता मोजणारी डेक्सा चाचणी करून घ्या. हाडे ठिसूळ निघाली, तर पोटाच्या व्यायामासाठी पाठीचा कणा गोल करून वर उठणे आणि वजन घेऊन कंबरेतून वाकणे टाळावे लागते, आणि हे ट्रेनरला पहिल्या दिवशीच ठाऊक असायला हवे. ऑस्ट्रेलियात झालेल्या ‘लिफ्टमोर’ या चाचणीत हाडांची घनता कमी झालेल्या, पाळी थांबलेल्या १०१ स्त्रियांची विभागणी दोन गटांत केली होती. एका गटाने आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली खरोखर जड वजने उचलली. त्यांच्या कंबरेच्या मणक्यांची घनता २.९ टक्क्यांनी वाढली, तर घरी हलका व्यायाम करणाऱ्या गटाची १.२ टक्क्यांनी घटली. जड गटात नोंदवण्याजोगी दुखापत एकच झाली, आणि तीही कंबरेत किरकोळ उसण भरण्याची. पण या स्त्रियांनाही पहिला महिना हलक्या भारावर हालचाली शिकवण्यातच घालवला होता, हे वाचायला लोक विसरतात.

आयुर्मानाविषयीचे पुरावे निरीक्षणातून आलेले आहेत, त्यामुळे ते थोडे जपून वाचावेत. भारतासह १७ देशांतील सुमारे १ लाख ४० हजार माणसांच्या ‘प्युअर’ अभ्यासात मुठीची पकड ५ किलोंनी कमी असणाऱ्यांत मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी जास्त आढळला. अर्थात पकड हे शरीराच्या एकूण शक्तीचे माप आहे, रबरी चेंडू दाबत बसल्याने आयुष्य वाढेल असा त्याचा अर्थ नव्हे. जपानी संशोधकांनी २०२२ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा स्नायूंचा व्यायाम करणाऱ्यांत एकूण मृत्यू, हृदयविकार, कर्करोग आणि मधुमेह यांचा धोका १० ते १७ टक्क्यांनी कमी दिसला, आणि मृत्यूच्या बाबतीत सर्वाधिक फरक आठवड्याला ३० ते ६० मिनिटे व्यायाम करणाऱ्यांत होता. म्हणून रोज दोन तास जिममध्ये घालवता येत नाहीत, याची खंत तुम्ही करू नये. वर्षानुवर्षे आठवड्यातला एक तास टिकवणे हेच मोलाचे आहे, आणि लोकलचा प्रवास, कचेरी, घर आणि आजारी आई सांभाळून तेवढे तुम्हाला जमण्यासारखे आहे.

घरच्यांना सांगा, की मांडीचे स्नायू बळकट करणे हा गुडघेदुखीवरच्या मान्य उपचारांचाच भाग आहे. झिजलेल्या गुडघ्यांच्या रुग्णांनाही तो आम्ही आवर्जून देतो. व्यायाम करताना सांध्यात टोचले किंवा दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला, तर भार कमी करावा, व्यायाम बंद करू नये. काकूंच्या म्हणण्याबद्दल इतकेच, की स्नायू आणि चरबी या वेगळ्या पेशी आहेत आणि एकीची दुसरी होत नाही. व्यायाम सुटला आणि खाणे तेवढेच राहिले, तर स्नायू आटतात आणि चरबी वेगळी साठते. सुटलेला व्यायाम पुन्हा सुरू केला, की पहिल्या वेळेपेक्षा लवकर ताकद परत येते, हेही त्यांना सांगा.

पावडरीविषयी माझे मत असे, की तुमच्या दिवसभराच्या प्रथिनांचा हिशेब आधी करावा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे तुम्हाला सुमारे ५३ ग्रॅम प्रथिने लागतात. वजनाचा व्यायाम करताना ती ६५ ते ७५ ग्रॅमपर्यंत न्यावीत. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र डॉक्टरांना विचारूनच. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ६ ते ७, पन्नास ग्रॅम पनीरमध्ये ९, वाटीभर घट्ट वरणात ७ च्या आसपास, आणि बांगड्यासारख्या मासळीच्या शंभर ग्रॅम मांसात २० च्या जवळपास प्रथिने असतात. पोहे, चहा-बिस्किटे आणि पोळी-भाजीवर दिवस काढला, तर हा हिशेब जुळत नाही. सकाळच्या डब्यात दोन अंडी किंवा मोड आलेली उसळ आली, की बराच जुळतो. तरीही कमी पडले, तर साधी दुधापासूनची व्हे पावडर घ्यायला हरकत नाही, मात्र पाकिटावर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना क्रमांक पाहून आणि पक्के बिल घेऊन. खुल्या डब्यातली, नाव नसलेली पावडर, गोळी किंवा इंजेक्शन कोणी देऊ केले, तर ते घेऊ नका आणि त्या जिममध्ये परत जाऊ नका.

आईंना बरेच काही करता येईल. १९९० साली बोस्टनमधल्या एका वृद्धाश्रमातील नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे देखरेखीखाली पायांचा वजनाचा व्यायाम दिला, तेव्हा तो पूर्ण करणाऱ्यांच्या पायांची शक्ती सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली आणि दोघांची काठी सुटली. व्यायाम थांबवल्यावर चार आठवड्यांत त्या शक्तीचा जवळजवळ तिसरा हिस्सा गेला, हेही संशोधकांनी मोजले. आईंच्या बाबतीत शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडून पायावर किती भार द्यायचा आणि खुबा किती वाकवायचा, हे लिहून घ्या आणि घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडून सुरुवात करून घ्या. बहुधा हात असलेल्या उंच खुर्चीवरून हातांचा आधार घेत पाच वेळा उठणे, ओट्याला धरून टाचा उचलणे आणि ओट्याला धरूनच एका पायावर काही सेकंद उभे राहणे, एवढ्यापासून ते सुरू करतील. पासष्टीपुढच्या माणसांनी तोल आणि शक्ती यांचे असे व्यायाम आठवड्यातून तीन किंवा अधिक दिवस करावेत, अशी शिफारस आहे. आई हे व्यायाम करत असताना कोणीतरी हाताच्या अंतरावर उभे असावे, पायांत न घसरणाऱ्या चपला असाव्यात, आणि न्हाणीघरात कमोडशेजारी व नळापाशी भिंतीत ठोकलेला पोलादी दांडा याच आठवड्यात बसवून घ्यावा.